बंद पडल्यावर काय केलंत?

पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि दुसऱ्या दिवसापासून माझा फोन खिशात राहत नाही. कोणी नारळी पौर्णिमेपर्यंत धीर धरतो, कोणी धरत नाही. दोन महिने उभी असलेली इंजिनं एकदम कामाला जुंपली जातात. मालकाच्या डोक्यावर डिझेलचे, बर्फाचे, जाळ्यांचे पैसे असतात, तांडेलाला, म्हणजे बोटीवरच्या म्होरक्याला, हंगामातल्या पहिल्या कोळंबीची घाई असते, आणि नेमकं बंदराच्या तोंडाशी इंजिन आचके देऊ लागतं. मग फोन येतो. "मेस्त्री, पंप गेलो." "नोझलां खराब झाली." "हेड उघडूचा लागतला."

इंजिन नक्की करतंय काय, हे मात्र कोणी सांगत नाही. मी विचारलं तर समोरचा वैतागतो. "मेस्त्री तू की मी?"

त्याचाही दोष नाही. बोटीवर बिघाड सर्वांत आधी दिसतो तो इंजिनाजवळ असलेल्या खलाशाला, नाहीतर ड्रायव्हरला. ड्रायव्हर तांडेलाला सांगतो, तांडेल मालकाला, मालक मला. पुढे सांगताना प्रत्येक जण थोडं गाळतो आणि थोडा आपला अंदाज मिसळतो. माझ्यापर्यंत येईतो लक्षण वाटेत सांडलेलं असतं आणि हातात पडतो तो नुसता निष्कर्ष. अडखळणारं इंजिन दुरुस्त करायचं तर आधी उलट्या वाटेने त्या लक्षणापर्यंत पोचावं लागतं. पाना त्यानंतर.

मी देवगडात काम करतो. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केला आणि बाकीचं एका जुन्या मेस्त्रींच्या हाताखाली शिकलो. इथलं बंदर टेकडीच्या आडोशाला आहे. समुद्र खवळल्याचा इशारा आला की गुजरातपासून कर्नाटकापर्यंतच्या नौका इथे आसऱ्याला येतात. अशा वेळी कर्नाटकातल्या मलप्याच्या बोटीचा ड्रायव्हर मला बोलावतो तेव्हा त्याला मराठी येत नसतं, मला तुळू येत नसते, आणि हिंदी दोघांचंही बेताचंच असतं. मग मी त्याला इंजिनाचा आवाज तोंडाने काढून दाखवायला सांगतो. तो आधी लाजतो. मग डोळे मिटून सुरू करतो: धडधड, धडधड, एक ठोका गाळून पुन्हा धडधड.

तेवढ्यावर पुष्कळ कळतं. ठरावीक अंतराने एकच ठोका गळत असेल तर एखादा सिलिंडर काम करत नाही. आवाज खाली खाली जात विझत असेल तर सगळ्याच इंजिनाला डिझेल कमी पडतंय. रेस आपोआप वर-खाली, वर-खाली होत असेल तर डिझेलमध्ये हवा शिरतेय किंवा गव्हर्नर अडकतोय. चांगलं चालता चालता खटकन बंद पडत असेल तर मी आधी स्टॉपची केबल आणि सोलेनॉइड बघतो. माझी भाषा न येणाऱ्या माणसाकडून मला कित्येकदा अधिक चांगली माहिती मिळालेली आहे, कारण 'पंप गेला' हे त्याला सांगताच येत नाही.

डिझेल इंजिनाचं गणित तसं सरळ असतं. इथे पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नाही. सिलिंडरमधली हवा सोळा-अठरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा फवारा मारतं. जुन्या धाटणीच्या पंपावर हा फवारा दोनशे बारच्या आसपासच्या दाबाने सुटतो. त्यासमोर तळहात धरला तर डिझेल कातडीच्या आत घुसतं, म्हणून नोझल तपासताना हात लांब ठेवायचा, हे मी नव्या पोराला पाना हातात देण्याआधी सांगतो. एवढा दाब तयार करणारा पंप आणि एवढा बारीक फवारा मारणारं नोझल हे इंजिनाचे महागडे, नाजूक भाग. संशयही पहिला त्यांच्यावरच जातो. पंप उतरवा, फोंडाघाट चढून कोल्हापूरला पाठवा, तिथे टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट करून आणा. यात दिवस जातात, हजारो रुपये जातात, ऐन हंगामातल्या फेऱ्या बुडतात, आणि पंप परत बसवल्यावर इंजिन पहिल्यासारखंच अडखळतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कारण बिघाड बहुतेक वेळा पंपाच्या अलीकडे, टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेवर असतो. टाकी, तिचा कॉक, नळी, पाणी वेगळं करणारा फिल्टर, फीड पंप, दुसरा फिल्टर, आणि हे सगळं जोडणारे बोल्ट नि तांब्याचे वॉशर. या सगळ्याला मिळून पंपाच्या कॅलिब्रेशनइतका खर्च येत नाही.

या वाटेवर दोन चोर घुसतात, पाणी आणि हवा.

पाणी बंदीच्या काळातच शिरतं. बोट किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असते, पण टाकीत अर्धवट डिझेल राहिलेलं असतं. वरच्या रिकाम्या भागात पावसाळ्यातली दमट हवा. ती दिवसा तापते, रात्री निवते, आणि टाकीच्या पत्र्याला आतून पाणी सुटतं. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी जातं. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि त्यांचा काळा, बुळबुळीत गाळ होतो. आता, डिझेल ओढणाऱ्या नळीचं तोंड तळापासून दोन-तीन बोटं वर असतं. बोट धक्क्याला बांधलेली आहे तोवर पाणी नि गाळ खाली निवांत बसून राहतात आणि इंजिन सुरेख चालतं. मालक नारळ फोडतो. बोट बाहेर पडून लाटेवर डुलू लागली की टाकीतलं सगळं ढवळून निघतं आणि तो गाळ नळीच्या तोंडाशी येतो. "बंदरात शाणा, भायर पिसा," असं आमच्याकडचे ड्रायव्हर अशा इंजिनाबद्दल म्हणतात. म्हणून धक्क्यावर उभ्या बोटीत रेस देऊन केलेल्या तपासणीवर माझा भरवसा नाही. तिथे लाट नसते आणि पाण्यातल्या पंख्यावर भार नसतो. मी बोटीबरोबर बाहेर जातो.

हवेचा प्रकार वेगळा. फीड पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळे त्याच्या अलीकडच्या नळीत बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. तिथला वॉशर जुना झाला किंवा नळीला केसाएवढी चीर गेली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवाच आत ओढली जाते. हात फिरवून बघावं तर सगळं कोरडं ठाक. "गळत तर कायच नाय," हे मालक मला हमखास ऐकवतात. अशा वेळी मी फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडतो. तीतून बुडबुडे जाताना दिसले की वाद संपतो. तरीही मिटला नाही तर कॅनची कसोटी घेतो. स्वच्छ डिझेलचा एक कॅन इंजिनाजवळ बांधायचा आणि टाकी सोडून त्यातून नळी द्यायची. इंजिन नीट चाललं तर पंप आणि नोझल निर्दोष सुटले, गुन्हेगार टाकीच्या बाजूला आहे.

हे सगळं पुस्तकात मिळतं. वर्सोव्याच्या शासकीय मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्रात मच्छीमार तरुणांना नौकानयनाबरोबर डिझेल इंजिनाची देखभालही शिकवतात. तसं शिकून आलेला पोरगा टाकीपासून नोझलपर्यंतची वाट धडाधड सांगतो. त्याला शिकवावं लागतं ते पुढचं: कोणाला विचारायचं, काय विचारायचं आणि कसं.

एका ट्रॉलरची गोष्ट सांगतो. सहा सिलिंडरचं इंजिन, बंदी उठल्यावरच्या पहिल्या फेऱ्या. बंदरातून निघाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने इंजिन मंदावायचं, अडखळायचं, बंद पडायचं. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू व्हायचं आणि छान चालायचं. पुन्हा काही वेळाने तेच. एका मेस्त्रीने फिल्टर बदलले होते, दुसऱ्याने फीड पंप. मालकाने मला बोलावलं ते पंप उतरवून द्यायला.

"पंप काढ. उद्या कोल्हापुराक धाडतंय."

"काढूया," मी म्हटलं, "पण आधी जरा बोलूया."

मालक, तांडेल आणि ड्रायव्हर, तिघे धक्क्यावर उभे होते. मी ड्रायव्हरला विचारलं, इंजिन खटकन बंद पडतं की विझत जातं? "विझत जाता." धूर कसा? "काळो नाय, पांढरो नाय. हळूहळू जीव सोडता." म्हणजे सगळ्याच सिलिंडरना डिझेल कमी पडत होतं. तापल्यावर दगा देणारे पंप असतात, पण त्यांना निवायला बराच वेळ लागतो. इथे दहा मिनिटांत इंजिन ताजंतवानं होत होतं. मग मी विचारलं, त्रास सगळे दिवस सारखाच होतो का? तांडेल म्हणाला, "पयल्या दिवशी लय. तिसऱ्या दिवशी कमी. इंजिन मोकळा झाला की चलता."

हे मला खटकलं. या दुखण्यात इंजिन मोकळं होण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या आणि तिसऱ्या दिवसात मला फरक दिसत होता तो टाकीतल्या डिझेलचा.

"बरं, बंद पडल्यावर काय केलंत? ओळीने सांगा."

"काय करतलो? थांबलो."

"नुसते थांबलात?"

"प्रायमर मारलो, एअर काढली, चालू केला."

"त्याच्या आधी?"

ड्रायव्हरने मागे वळून बघितलं. जाळ्याच्या ढिगापाशी एक नेपाळी खलाशी शिवण घालत बसला होता. "डिझेल ह्यो बघता," ड्रायव्हर म्हणाला.

इंजिन बंद पडलं की टाकीत डिझेल किती आहे ते बघायचं काम त्याचं. बोटीवर त्याला सगळे 'बहादूर' म्हणत, जे त्याचं नाव नव्हतं. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि डिझेल कसं मोजतोस ते करून दाखव म्हणून सांगितलं. तो उठून डेकवरच्या टाकीच्या झाकणाशी गेला. दोन्ही हातांनी जोर लावून झाकण फिरवल्याची खूण केली, मग काठी आत सोडल्याची. आणि थांबून म्हणाला, "ढक्कन टाइट हो जाता है, मेस्त्री. खोलते टाइम आवाज आता है."

कसला आवाज? त्याने ओठांचा चंबू केला आणि हवा आत ओढली. सूंऽऽ.

"हर बार?"

"इंजन बंद होता है, तब. बाकी टाइम नहीं."

"किसी को बोला?"

तो हसला. "किसी ने पूछा नहीं."

टाकीतून डिझेल जातं तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी टाकीला ब्रीदरचा नळ असतो, डेकच्या वर येऊन खाली वाकवलेला, म्हणजे पाणी आत जाऊ नये. तो बुजला तर टाकीत पोकळी तयार होते. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुळगुळ करत अडतं आणि दुसरं पाडलं की सरळ धार लागते, तोच हा प्रकार. टाकी तोंडोतोंड भरलेली असते तेव्हा डिझेलच्या वर मोकळी जागा अगदी थोडी. मग थोडं डिझेल गेलं तरी पोकळी भरभर वाढते, आणि फीड पंपाने कितीही जोर लावला तरी ओढणं त्याच्या आवाक्यात राहत नाही. टाकी निम्मी झाली की वर भरपूर हवा असते, तेवढीच पोकळी व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून तिसऱ्या दिवशी 'इंजिन मोकळं'. आणि प्रत्येक वेळी इंजिन बंद पडल्यावर हा खलाशी झाकण उघडत होता, हवा सूं करून आत जात होती आणि दुखणं जागच्या जागी बरं होत होतं. सगळी बोट समजत होती की विश्रांती मिळाल्याने इंजिनाला उतार पडतो. प्रत्यक्षात ते दर वेळी दुरुस्त करत होता तो डिझेल मोजणारा माणूस, आणि हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी ब्रीदरच्या वाकलेल्या तोंडात बोट घातलं. आत कडक काहीतरी लागलं. खिळ्याने टोकरलं तशी सुकी माती भुरभुरून हातावर पडली आणि तिच्याबरोबर बारीक बारीक कोळी, एकावर एक ठासून भरलेले. कुंभारमाशी. पावसाळाभर बोट शाकारलेली, वर प्लास्टिक, आत कोरडं, माणसाचा वावर नाही. बोटभर जाडीची नळी म्हणजे तिला आयतं घर. पिल्लांसाठी कोळ्यांची बेगमी करून तिने दार मातीने लिंपून टाकलं होतं.

तारेने नळ मोकळा केला, फुंकर मारून बघितली, तोंडाला बारीक जाळी बांधली. मग टाकी मुद्दाम काठोकाठ भरायला लावून बोट बाहेर काढली, कारण हे दुखणं भरल्या टाकीतच जोर करत होतं. दोन तास पुऱ्या रेसवर चालवली. इंजिनाने ठोका चुकवला नाही.

धक्क्यावर परत आल्यावर मालकाने विचारलं, "काय बदललंस?"

"काय नाय."

"मगे पैशे कसले?"

हे तो चेष्टेने म्हणाला, पण अगदीच चेष्टेने नाही. नवा पंप बसवला असता तर त्याने बिल न वाचता पैसे दिले असते. सुट्या भागाचं खोकं डोळ्यांना दिसतं, जुना भाग हातात घेऊन बघता येतो. प्रश्न विचारण्याला वजन नसतं. आमच्या धंद्यात उगाच भाग बदलण्याची सवय बोकाळली आहे, आणि तिला लोक सरसकट लबाडी म्हणतात. लबाड असतात, नाही असं नाही. पण गिऱ्हाईक भागाचे पैसे देतं आणि डोक्याचे देत नाही, तेव्हा सरळ माणूसही भागच बदलू लागतो. मी माझ्या बिलात 'बिघाड शोधणे' अशी वेगळी ओळ घालतो आणि तिचा भाव आधी सांगून ठेवतो. कुरकुर होते, पण पैसे मिळतात.

लहान होड्यांवर हाच अनुभव छोट्या मापात येतो. मागच्या फळीला लावायच्या ओबीएम इंजिनाची पेट्रोलची टाकी सुटी असते आणि तिच्या झाकणावर हवेसाठी बोटाएवढा स्क्रू असतो. होडी वाळूवर ठेवताना तो आवळतात, निघताना सैल करायला विसरतात. इंजिन थोडं अंतर जाऊन फटफटतं. फोनवर मी एकच विचारतो, पेट्रोल चढवायचा रबरी फुगा चपटा झालाय का? झालाय म्हटलं की स्क्रू सैल करायला सांगतो आणि फोन ठेवतो.

अलीकडे ओबीएमवाल्यांना पेट्रोलचाही जाच सुरू झाला आहे. २०२३पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉल ओल शोषून घेतं. काही प्रमाणापर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये मिसळून राहतं, प्रमाण ओलांडलं की इथेनॉल पाण्याला घेऊन तळाशी जाऊन बसतं. टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं, बहुतेक पन्नासास एक, म्हणजे लिटरला वीस मिली. ते ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, तळाच्या थरात उतरत नाही. तो थर कार्बोरेटरमध्ये आला की इंजिन आचके देतं, आणि तसंच ताणलं तर पिस्टन कोरडा पडून धरतो. पर्यटकांना फिरवणाऱ्या एका होडीचा कार्बोरेटर पुन्हा पुन्हा साफ करूनही हा त्रास जाईना. मी टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरलं. तळापासून दोन बोटांवर आडवी रेघ स्पष्ट दिसत होती. पेट्रोल आणणाऱ्या पोराला विचारलं, कॅन कुठे ठेवतोस? "होडयेतच. झाकण हरावला, पिशी बांधलंय." पिशवी बांधलेला उघडा कॅन पावसात होडीत पडून असायचा. पोराने ते कधी लपवलं नव्हतं, आणि कार्बोरेटर खोलणाऱ्यांपैकी कोणी त्याच्याकडे वळून बघितलं नव्हतं.

विचारण्याचीही एक रीत असते, ती मी हळूहळू शिकलो. मालकासमोर खलाशाला प्रश्न करायचा नाही. तिथे त्याचं उत्तर एकच: "मी हात लावलो नाय." बिघाडाचा ठपका आला तर पगारातून किंवा वाट्यातून पैसे कापले जातील ही भीती खोटी नसते. इंजिन रूममध्ये, दोघंच असताना, हातात काहीतरी काम असताना माणूस मोकळा बोलतो. 'का केलंस' विचारायचं नाही, 'काय केलंस' विचारायचं. आणि शक्यतो तोंडी उत्तर न घेता करून दाखवायला लावायचं. सांगताना माणसाला जे महत्त्वाचं वाटत नाही ते तो गाळतो. करून दाखवताना हात ते गाळत नाहीत. फिल्टर बदलल्यापासून हवा घेणाऱ्या एका इंजिनाच्या ड्रायव्हरने मला असाच फिल्टर बसवून दाखवला. नवा फिल्टर त्याने अगदी नीट बसवला, मात्र जुन्या फिल्टरची रबरी रिंग वर चिकटून राहिली आहे का, हे बघायला त्याचा हात गेला नाही. रिंगेवर रिंग बसली होती आणि मधून हवा शिरत होती.

आता कॉमन रेलची इंजिनं आली आहेत. लॅपटॉप जोडला की पडद्यावर बिघाडाचा कोड येतो. माझ्याकडे येणाऱ्या तरुण पोरांना त्याचं मोठं कौतुक आहे, आणि ते रास्तच आहे. सेन्सर मिनिटामिनिटाची नोंद ठेवतो आणि मालकाला घाबरत नाही. पण 'रेलमध्ये इंधनाचा दाब कमी' एवढं सांगून तो थांबतो. पंप झिजला तरी तो हेच सांगेल, आणि कुंभारमाशीने घर केलं तरी हेच. तो कोड मोबाइलवर फोटो होऊन मालकाकडे जातो, आणि मालक मला फोन करून म्हणतो, "पंप गेलो."

म्हणून माझ्या नेहमीच्या बोटींवर इंजिन रूमच्या दाराशी मी एक वही टांगून ठेवली आहे, सुतळीने बांधलेल्या पेन्सिलीसकट, कारण ओल्या हाताने पेन चालत नाही. रकाने मोजके: निघाल्यापासून किती वेळाने त्रास झाला, टाकीत डिझेल किती होतं, समुद्र कसा होता, धूर आणि आवाज कसा, बंद पडल्यावर काय काय केलं आणि मग काय झालं. कारणाला रकाना नाही. एका मालकाने तो आखून मागितला, मी दिला नाही. नेपाळी खलाशी त्यांच्या भाषेत लिहितात. लिपी आपलीच असल्याने मला वाचता येतं, अडलेला शब्द त्यांनाच विचारतो. सुरुवातीला वह्या कोऱ्याच राहायच्या. मग जिथे वही भरलेली असेल तिथे 'बिघाड शोधणे'चा भाव मी निम्मा केला. तेव्हापासून मालकच वहीकडे लक्ष ठेवतात.

गेल्या हंगामात एका ट्रॉलरच्या ड्रायव्हरचा समुद्रातून फोन आला. मोबाइलची रेंज जेमतेम होती, तो वहीतून वाचत होता. रेस वाढवली की काळा धूर. कमी केली की धूर जातो. बोट नेहमीसारखी पळत नाही. थरथर वाढली आहे. सकाळी तरंगत्या दोऱ्यांच्या गुंत्यावरून गेलो. मी त्याला गिअर न्यूट्रलला घेऊन रेस द्यायला सांगितलं. दिली. धूर? "नाय." म्हणजे इंजिन ठीक, पंख्याला काहीतरी गुंडाळलं आहे आणि भार झेपत नाही म्हणून धूर येतोय. हळू रेसवर बंदरात ये, इंजिन बंद करून चावी स्वतःच्या खिशात घाल आणि मगच कोणाला तरी खाली उतरव, एवढं बजावून मी फोन ठेवला. पंख्याला कोणाच्या तरी जुन्या नायलॉन जाळ्याचा वेढा बसला होता, तो त्यांनी सुरीने कापून काढला. मला जावं लागलं नाही, त्यामुळे पैसेही मिळाले नाहीत. संध्याकाळी मालकाचा फोन आला.

"मेस्त्री, वही भरली. दुसरी धाड. आणि तिचे पैशे बिलात लाव."